करडा चौकोन

दिवाळीतल्या पाडव्याच्या दुपारी जेवणं उरकल्यावर सईने श्रीखंडाचं पातेलं बाजूला सारलं आणि टेबलावर लॅपटॉप उघडला. सई माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, पहिलंच सत्र. "मावशी, तू पण हेच केलंयस ना, जरा नजर टाक," म्हणत तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक्सेलचा तक्ता होता. चार सत्रं आडवी मांडलेली, त्यांच्याखाली विषय, प्रत्येकाचे क्रेडिट, शिकवणाऱ्यांची आद्याक्षरं, आणि मार्क सढळ हाताने मिळतात की नाही याचा एक ते पाच असा आकडा. सक्तीचे विषय हिरवे. घ्यायचे नक्की झालेले पिवळे. बाहेरून ऑनलाइन करायचे निळे. त्यात रिअल ॲनालिसिस, म्हणजे शुद्ध गणित, आणि त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं. अगदी खालच्या पट्टीत जीआरईची प्रवेशपरीक्षा कधी, शिफारसपत्र कुणाकडे कधी मागायचं, अमेरिकेतल्या पीएचडीचे अर्ज कधी, हेसुद्धा. मी माझ्या घराच्या कर्जाचं इतकं नीट नियोजन केलेलं नाही.

तिसऱ्या सत्रातला एक चौकोन करडा होता. हा कसला, मी विचारलं. "ते कृषी अर्थशास्त्र. उडवलंय," सई म्हणाली. "शेती कोण घेतं गं आता? आणि ट्रान्स्क्रिप्टवर सिग्नल बरा जात नाही." मी हसले. खो खो नाही. दोन जाणकार माणसं आपापसात हसतात तसं, समजूतदार. सोफ्यावर अण्णा बसले होते, माझे वडील. घरात लहानथोर सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. अडकित्त्याने सुपारी कातरत होते, त्याचा कच्‌ कच्‌ आवाज चालला होता, तो थांबला. "सिग्नल म्हंजे?" त्यांनी विचारलं. सईने समजावलं, अर्ज वाचणाऱ्याला आपण हुशार आहोत हे कळायला काहीतरी खूण लागते ना अण्णा, ती. अण्णांनी मान हलवली. "असं होय. मला वाटलं स्टेशनातला." आणि अडकित्ता पुन्हा सुरू झाला.

ते हसू मला पुढे आठवडाभर टोचत राहिलं.

अण्णा निफाड तालुक्यातले, कांद्यात जन्म गेलेले. लासलगावच्या स्टेशनात कांद्याच्या वाघिणी भरायच्या त्या काळात सिग्नल पडला की नाही यावर गावातल्या अर्ध्या माणसांचा दिवस ठरायचा, त्यामुळे त्यांच्या डोक्यात सिग्नलला एकच अर्थ. त्यांच्याकडे एक वही आहे. खरं तर वह्या आहेत, पण आम्ही 'अण्णांची वही' असंच म्हणतो. जुन्या निळ्या पुठ्ठ्याच्या, नंतरच्या म्हणजे खताच्या दुकानाने दिवाळीला वाटलेल्या डायऱ्या. एका हंगामाला एक पान. डोक्यावर लिहिलेलं: पोळ कांदा, रांगडा, उन्हाळ. म्हणजे खरिपाचा, उशिरा खरिपाचा आणि रब्बीचा. खाली तारीख, किती क्विंटल, लिलावात काय भाव निघाला, तोलाई, हमाली, गाडीभाडं, आणि शेवटी 'हाती' असं लिहून एक आकडा. हाती हा शब्द ते नेहमी जरा तिरका लिहितात. पानाला टाचणीने हिशेबपट्ट्या लावलेल्या, टाचण्या गंजून कागदावर तांबडे डाग पडलेले. वही उघडली की कांद्याच्या पातीचा नव्हे, कांदा साठवायच्या चाळीचा वास येतो. उन्हाळ कांदा चार महिने पडून राहिला की येतो तसा कोरडा, घशाशी रेंगाळणारा.

या वासापासून लांब जायला मी पुण्याला आले होते, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

माझं विषय निवडणं झालं १९९८ च्या जुलैमध्ये. एम.ए.चं दुसरं वर्ष. तक्ता वगैरे काही नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून मिळणारा एक गुलाबी फॉर्म, त्यात ऑप्शनच्या रिकाम्या ओळी, आणि भरायला तीन दिवस. ते तीन दिवस आम्ही चहाच्या टपरीवर काढले. तिथे एकच शब्द चालायचा, स्कोअरिंग. हा पेपर स्कोअरिंग, तो नाही. अमक्या पेपरच्या नोट्स तमक्या सीनियरकडे आहेत, झेरॉक्स मिळते. एका विषयाला पुरेशी मुलं झाली नाहीत तर तो चालणारच नाही असं खिडकीतल्या बाईंनी सांगितल्यावर त्या विषयाची एकुलती एक भक्त मुलगी दोन दिवस टपरीवर प्रचार करत फिरत होती, निवडणुकीला उभी राहिल्यासारखी. तिला मतं पडली नाहीत. मी इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासून बघायचं ते, आणि गणिती अर्थशास्त्र घेतलं. मैत्रीण म्हणाली होती, याला पुढे कॉम्प्युटर आहे. कृषी अर्थशास्त्रासमोरची ओळ मी रिकामी सोडली, आणि सोडताना पेन जराही अडखळलं नाही. उलट एक बारीकसा आनंद झाला. आता मला कुणी विचारणार नव्हतं की तुमच्याकडे कांदा किती एकर.

मग ऑक्टोबर आला. त्या वर्षी कांद्याने काय केलं ते चाळिशीच्या पुढच्या कुणालाही सांगायला नको. पावसाने पोळ कांदा शेतातच गेला, भाव आकाशाला, नोव्हेंबरात दिल्ली राज्याचं सरकार निवडणुकीत पडलं ते लोक अजून कांद्याच्याच खात्यावर टाकतात. आमच्या मेसमध्ये कोशिंबिरीत नुसती काकडी येऊ लागली आणि भिंतीवर खडूने लिहिलं गेलं, 'कांदा मागू नये'. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे वडील तर आता लखपती झाले असतील! मी हसायचे. हसण्याची माझी खोड जुनीच म्हणायची. अण्णांनी उन्हाळ कांद्याची चाळ जुलैतच रिकामी केली होती. काही सडायला लागला होता म्हणून, काही माझ्या हॉस्टेलचे पैसे भरायचे होते म्हणून. किती कशासाठी, ते मी कधी विचारलेलं नाही. आणि पोळ तर पाण्यातच गेला.

त्याच महिन्यात गणिताच्या तासाला सर फळ्यावर कोळिष्टक काढत होते. कॉबवेब मॉडेल. मागणी या वर्षीच्या भावावर ठरते, पुरवठा मागच्या वर्षीच्या भावावर, कारण पीक लावताना शेतकऱ्याच्या हातात तेवढाच आकडा असतो. भाव चढला की सगळे लावतात, माल उदंड होतो, भाव पडतो. पडला की कुणी लावत नाही, मग पुन्हा चढतो. रेघ उजवीकडून खाली, डावीकडून वर, अशी फिरत फिरत जाते आणि जाळं विणलं जातं. मागणी ताठर आणि पुरवठा चपळ असेल तर जाळं आत मिटत नाही, बाहेर फाकत जातं. सरांनी उदाहरण दिलं ते अमेरिकेतल्या डुकरांचं. मका स्वस्त झाला की डुकरं वाढतात वगैरे. हे या सिद्धांताचं जुनं, मानाचं उदाहरण आहे. वर्ग डुकरांना हसला. मी वहीत जाळं काढलं, डिफरन्स इक्वेशन सोडवलं, मूळ उणे एकपेक्षा लहान आलं, म्हणजे जाळं फाकणार, असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. निफाडच्या मुलीला लासलगाव आठवलं नाही. ते आठवलं बऱ्याच वर्षांनी, बँकेत पीककर्जाच्या फायली तपासताना. जी ओळ मी रिकामी सोडली होती तिथलं एकमेव माझ्या घरचं प्रकरण मला गणिताच्या पेपरात भेटून गेलं होतं, आणि मी त्याला ओळख दिली नव्हती.

दिवाळीनंतर सईने तक्त्याची लिंक पाठवून ठेवली. रात्री झोप येईना की मी तो उघडून बसायचे. हिरव्या चौकोनांत पहिला मायक्रो, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्र. त्यात यंदा त्यांना सिग्नलिंग शिकवणार आहेत, म्हणजे स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाचं १९७३ चं मॉडेल, ज्याच्यासाठी त्याला २००१ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की त्या मॉडेलमध्ये शिक्षणाने माणसाच्या कामात काडीचा फरक पडत नाही असं धरलं तरी सगळं जुळतं. हुशाराला पदवी मिळवणं कमी जड जातं, इतरांना जास्त. तेवढ्यावर मालक दोघांना वेगळं ओळखतो. शिकलेलं कामाला यावं अशी अटच नाही. रिअल ॲनालिसिसपुढची ती तीन उद्गारचिन्हं म्हणजे स्पेन्सच आहे, आणि हे सईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिला मी हे फोनवर म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "पण मावशी, पीएचडीच्या पहिल्या वर्षी मायक्रोमध्ये प्रूफंच प्रूफं असतात. कॉम्पॅक्ट सेट म्हणजे काय तेच कळलं नाही तर मी तिथे बसून करू काय?" खरं आहे. तिथे पहिलं वर्ष मायक्रो, मॅक्रो, इकॉनॉमेट्रिक्स या तिघांचंच, मग उन्हाळ्यात मोठी परीक्षा, आणि तीत अडकलं तर परतीची वाट. शेती, श्रम, व्यापार, जे काही आपलं म्हणून करायचं ते दुसऱ्या वर्षापासून. तोवर सगळ्यांनी एकाच बोगद्यातून जायचं. बोगद्यासाठी टॉर्च घेणाऱ्या पोरीला मी कशी हसू?

पण हिरवे चौकोन जरा खरवडले की खाली माती लागते, हेही तितकंच खरं. इकॉनॉमेट्रिक्समधल्या इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल पद्धतीचं मूळ सापडतं ते फिलिप राइटच्या १९२८ च्या पुस्तकात, तेलांवरच्या आयातकराबद्दलच्या. जवसाचा पुरवठा आणि मागणी एकमेकांपासून कशी सोडवायची, हा त्याचा प्रश्न. यादृच्छिक प्रयोग, ज्यांच्यावर आज विकासाचं अख्खं अर्थशास्त्र उभं आहे, ते फिशर या संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेतावर प्लॉट पाडता पाडता घडवले. आणि मॅक्रोमधलं ते भारदस्त रॅशनल एक्स्पेक्टेशन्स, म्हणजे माणसं हाताशी असलेली सगळी माहिती वापरून पुढचा अंदाज बांधतात हे गृहीतक, ज्याच्याशिवाय सईचं चौथं सत्र उभं राहत नाही, ते म्यूथने १९६१ मध्ये मांडलं तेव्हा त्याच्यासमोर होतं हेच कोळिष्टक. शेतकरी इतका खुळा आहे का, की दरवर्षी मागचाच भाव धरून बसेल, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडेही वेगळं काय? साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे मोठे झाले ते पीक कापणीच्या प्रयोगांवर. शेतात चौकोन केवढा आखायचा यावर त्यांचा आणि महालनोबिसांचा वाद गाजला. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं १९३३ चं, पुण्यात फळं विकली कशी जातात याचं. एवढी सगळी शेती हिरव्या-पिवळ्या चौकोनांत गुपचूप बसलेली, आणि तिच्या नावाचा चौकोन तेवढा करडा.

म्यूथचं म्हणणं मी एकदा अण्णांना सांगितलं होतं, अर्थात म्यूथचं नाव न घेता. ते म्हणाले, "मागचा भाव बघून लावतो असं कोण म्हणतं? सगळे लावणार, भाव बसणार, हे मला कळत नाही होय? पण मी नाही लावला तरी शेजारी लावणारच. मग मी काय लावू? सोयाबीनला काय सोनं लागलंय?" यात दोन-तीन शोधनिबंधांचा ऐवज आहे असं मला तेव्हाही वाटलं होतं. तो कुठल्या पेपरात बसेल ते मात्र सांगता येईना.

अशा वेळी मला बाबासाहेबांची कोलंबियातली यादी आठवते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ ते १९१६ तिथे होते. विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच एक आणि प्राथमिक जर्मन एक. बेरीज साठ. मुदत मोजलेली, पैसा मोजलेला, घरी माणसं वाट बघणारी. आणि तरी हा माणूस वाढप्याला हात आडवा करत नाही. बरं, नियोजन नव्हतं म्हणावं तर अर्थशास्त्राचे २९ हे काही भटकंतीचं लक्षण नव्हे. पण ९ मे १९१६ ला त्यांनी भारतातल्या जातींवरचा जो निबंध वाचला, जो आज जगभर वाचला जातो, तो वाचला गोल्डनवायझरच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. म्हणजे २९ च्या नाही, ४ च्या रकान्यात. आणि दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, लिहिलं काय तर भारतातल्या लहान शेतजमिनींवर. मी हे सगळं सईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, ते बाबासाहेब होते. आणि त्यांना जीपीए नव्हता."

यावर काय बोलणार.

शिवाय मी कुठल्या तोंडाने बोलणार, हाही प्रश्न आहेच. आमच्या वेळी ज्या चौघा-पाच जणांनी कृषी अर्थशास्त्र घेतलं त्यांच्या नशिबी काय आलं, मला माहीत आहे. भारतीय शेतीची वैशिष्ट्ये, दहा मुद्दे. हरितक्रांतीचे फायदे आठ, तोटे सहा. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगायचे, पोरं उतरवून घ्यायची. एकदाही कुणी त्यांना बाजार समितीत नेलं नाही; लिलावात ट्रॅक्टरवर चढलेला व्यापारी ढीग उकरून खालचा कांदा कसा काढतो आणि एका दमात भाव कसा पुकारतो, ते दाखवलं नाही. तो पेपर घेतला असता तर मी शेतीपासून दुपटीने लांब पळाले असते, अशी माझी खात्री आहे. उलट इकॉनॉमेट्रिक्सने मला नोकरी दिली. कॅल्क्युलेटरवर वर्गांची बेरीज करून करून बोटं दुखायची, पण आकड्याकडे संशयाने बघायची सवय लागली ती कायमची. बँकेत आले आणि पहिल्याच वर्षी माझ्या टेबलावर स्केल ऑफ फायनान्सचा तक्ता पडला: हेक्टरी कुठल्या पिकाला किती कर्ज, जिल्ह्याच्या तांत्रिक समितीने ठरवलेलं. द्राक्ष, ऊस, सोयाबीन, कांदा. कांद्याच्या रांगेवर बोट ठेवून मी मनात अण्णांच्या वहीशी ताडून पाहिलं. बियाणं, रोप, लागणीची मजुरी, खत, औषध, काढणी. चाळीत सडणाऱ्याचा रकाना कुठेच नव्हता. तेव्हापासून नोकरीत दर हंगामात कांदा येतोच. पळून गेलेल्या माणसाला त्याच स्टँडवर गाडी आणून सोडते तसं.

म्हणून सईला मी सल्ला दिला तो असा की तक्ता आहे तसा राहू दे. रिअल ॲनालिसिस जमेल तेव्हा नव्हे, आधी कर. पाया ओला आहे तोवर. चौथ्या सत्रात दोन जड विषय एकत्र घेऊ नकोस, प्रबंध त्याच वेळी अंगावर येतो. मार्क सढळ मिळतात हे बघून विषय घेऊ नकोस, पण अगदीच न बघताही नको. हे सगळं योग्यच सांगितलं. करड्या चौकोनाबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर तो सल्ला झाला नसता, प्रायश्चित्त झालं असतं, आणि ते माझं मी करावं.

संक्रांतीला सई चार दिवस गावी गेली. का, तर तिला एका सरांनी टाइम सिरीजच्या असाइनमेंटला कुठलीही खरी आकडेवारी आणा म्हणून सांगितलं होतं, आणि बाकी सगळी मुलं शेअर बाजाराचे आकडे उतरवून घेणार होती. तिने अण्णांच्या वह्या मागितल्या. अण्णांनी आधी हात धुऊन ये म्हटलं, असं ती सांगत होती. मग दोघं ओट्यावर बसले. ती पानाचा फोटो काढायची, अण्णा मोठ्याने वाचायचे, ती लॅपटॉपवर भरायची. 'हाती' म्हणजे काय ते तिने पहिल्याच पानावर विचारलं, उत्तर मिळालं, "हाती म्हंजे हाती." दुसऱ्या दिवशी रात्री मला तिचा फोन आला. मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी पंपाची वेळ झाली म्हणून ओरडत होतं.

"मावशी, एक विचारायचंय. अठ्ठ्याण्णवच्या पोळचं पान कोरं आहे. वर नाव लिहिलंय, खाली काहीच नाही. मिसिंग धरू की शून्य टाकू?"

प्रश्न चांगला होता. मिसिंग म्हणजे नोंद करायची राहून गेली. शून्य म्हणजे नोंद आहे आणि ती शून्याची आहे. दोन्हींनी पुढचं गणित वेगवेगळं निघतं. मला त्या पानाबद्दल माहीत होतं, आणि तरी सांगता येईना. मी म्हटलं, "अण्णांनाच विचार ना."

"विचारलं."

"मग?"

"ते म्हणाले, भाव होता की. माल नव्हता." ती क्षणभर थांबली. कीबोर्डचा आवाज येत होता. "मी रकानेच दोन केले. एकात आकडा येणार, एकात शून्य. त्या ऑक्टोबरचा लासलगावचा भाव कुठे मिळेल गं?"